पोर्तुगालच्या पाटीमागे: मॉडेल नाटो परिषदेचा अनुभव

मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे विद्यार्थ्यांनी देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांची अभिरूप सभा चालवायची, हा प्रकार पुण्या-मुंबईच्या शाळा-महाविद्यालयांत आता चांगला रुळला आहे. नाटो या लष्करी युतीची तशीच अभिरूप परिषद, म्हणजे मॉडेल नाटो, तितकी परिचित नाही, आणि माझी निवड झाली तेव्हा पुढे नेमके काय करावे लागेल हे सांगणारे मराठीत काहीच माझ्या हाती लागले नाही. म्हणून सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात जे घडले ते क्रमाने लिहून ठेवते आहे. मी मूळची गोव्यातल्या फोंड्याची. सध्या पेन्सिल्वेनियातल्या एका सरकारी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवीचे शिक्षण घेते आहे. एफ-१ या अमेरिकी विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना अशा वेळी काही वेगळे प्रश्न पडतात, तेही ओघात येतील.

आधी एक फरक सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभेत पुरेशी मते मिळाली की ठराव मंजूर होतो. विरोध करणारे विरोध नोंदवतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. नाटोत मतदानच नाही. मसुदा मांडला जातो, कोणाची हरकत आहे का एवढे विचारले जाते, आणि ३२ सदस्यांपैकी एकानेही हरकत घेतली तर तो मसुदा तिथेच थांबतो. १९४९ साली १२ राष्ट्रांनी वॉशिंग्टनमध्ये ज्या करारावर सह्या केल्या त्याची कलमे अवघी १४ आहेत, आणि परिषदेने मते कशी मोजावीत याविषयी त्यात एक शब्दही नाही. त्यामुळे या अभिरूप परिषदेत बाजू जिंकता येत नाही. आपल्याला न आवडणारी ओळ आपण कुठवर चालवून घेऊ शकतो, हा प्रश्न सतत समोर असतो, आणि वक्तृत्वस्पर्धांची बक्षिसे तिथे फारशी उपयोगी पडत नाहीत.

निवडीसाठी सप्टेंबरच्या शेवटी एका पानाचे पत्र आणि नंतर छोटी मुलाखत एवढेच होते. आमच्याकडे हा एका क्रेडिटचा अभ्यासक्रम आहे आणि तो दोन सत्रांत विभागलेला असतो. मुलाखतीत नाटोचा इतिहास विचारतील या अपेक्षेने मी सनावळ्या पाठ करून गेले होते. प्राध्यापकांनी विचारले ते असे की, स्वतःला न पटणारी सरकारी भूमिका तीन दिवस प्रामाणिकपणे मांडता येईल का. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी या प्रश्नाचा विचार आधीच करून जावे. तिथे आपण आपले मत मांडायला जात नाही. नेमून दिलेल्या देशाचे प्रत्यक्ष धोरण जसे असेल तसे, त्याच्या आडमुठेपणासकट, चालवायचे असते.

ऑक्टोबरच्या अखेरीस देशवाटप झाले. प्रत्येक विद्यापीठाने पसंतीक्रम कळवायचा असतो. आम्ही नॉर्वे, कॅनडा अशी नावे वर ठेवली होती आणि वाट्याला आला पोर्तुगाल. वर्गातल्या बाकीच्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. मी त्या रात्री घरी फोन केला तेव्हा बाबा आधी खूप हसले आणि म्हणाले, "अगो, आजोबांना जरा बेतानेच सांग." आजोबांनी १९ डिसेंबर १९६१ हा गोवामुक्तीचा दिवस फोंड्यात पाहिलेला आहे. नातीने अमेरिकेत जाऊन पोर्तुगालची बाजू मांडायची, हे त्यांनी अपेक्षेपेक्षा शांतपणे ऐकून घेतले, आणि मग एकच प्रश्न विचारला: पोर्तुगाल तर नाटोत पहिल्यापासून होता, मग तेव्हा नाटो त्याच्या मदतीला का आली नाही?

माझा खरा अभ्यास या प्रश्नापासून सुरू झाला. पाचवे कलम, म्हणजे एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानण्याचे कलम, सगळ्यांना माहीत असते. त्याच्या पुढचे सहावे कलम फारसे कोणी वाचत नाही. संरक्षणाचे हे वचन कुठल्या भूभागाला लागू होते ते त्यात ठरवलेले आहे: युरोप आणि उत्तर अमेरिकेतला प्रदेश आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या अटलांटिक क्षेत्रातली बेटे. अझोर्स आणि मदेरा ही पोर्तुगालची बेटे त्यात बसतात. गोवा, दमण, दीव बसत नव्हते. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि भारतीय सैन्याच्या माघारीची मागणी करणारा मसुदा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या नाटोच्याच चार सदस्यांनी मांडला; त्याला सात मते अनुकूल आणि चार प्रतिकूल पडली, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. म्हणजे मित्रांनी सहानुभूती दाखवली, ती संयुक्त राष्ट्रांच्या दालनात. करार मात्र जागचा हलला नाही. पुढच्या फोनवर मी हे आजोबांना सांगितले, तेव्हा कर्कवृत्ताची गोष्ट त्यांना फार आवडली. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले, तेव्हा पोर्तुगालमधली हुकूमशाही राजवट, सालाझारशाही, कोसळून जेमतेम आठ महिने झाले होते.

नोव्हेंबरमधले वर्ग मुख्यतः सहमती अडते कशी आणि सुटते कशी यावर होते. प्राध्यापकांनी दोन प्रकरणे शेजारी ठेवून शिकवली, आणि त्यातले एक आपल्या देशाचे होते. जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषदही सहमतीनेच चालते. ऑगस्ट १९९६ मध्ये राजदूत अरुंधती घोष यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाने सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या मसुद्याला संमती नाकारली, आणि वाटाघाटींनंतर तयार झालेला तो मसुदा तिथेच अडला. मग ऑस्ट्रेलियाने तोच मजकूर न्यूयॉर्कला आमसभेत नेला, जिथे बहुमत चालते, आणि १० सप्टेंबरला तो १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. दुसरे प्रकरण फेब्रुवारी २००३ चे: इराक युद्धाच्या तोंडावर तुर्कस्तानच्या संरक्षणाची तयारी करण्याच्या प्रस्तावावर फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांनी हरकत घेतली, तेव्हा काही दिवसांनी हा विषय संरक्षण नियोजन समितीकडे वळवण्यात आला. १९६६ पासून फ्रान्स लष्करी रचनेबाहेर होता, त्यामुळे त्या समितीत त्याची खुर्चीच नव्हती. उरलेल्या दोघांचे मन वळवता आले. अडवणाऱ्याला हरवता येत नसेल तर दालन बदलायचे, हा मार्ग दोन्हीकडे सारखाच. अमेरिकी वर्गमित्रांना भारताचे वागणे हटवादी वाटले. मला त्यावर वाद घालावासा वाटला आणि मी घातलाही.

आता पैसे आणि कागदपत्रे. आमचा प्रवास, हॉटेल आणि परिषदेचे शुल्क यांसाठी विद्यार्थी परिषदेच्या निधीकडे अर्ज करावा लागतो. या अर्जात प्रत्येक खर्चाचा स्वतंत्र अंदाज, जाणाऱ्यांची यादी आणि प्राध्यापकांची सही लागते. त्यानंतर एका संध्याकाळी समितीपुढे उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. मागणीच्या साधारण दोन-तृतीयांश रक्कम मंजूर झाली, पण तो निर्णय कळायला डिसेंबर उजाडला, तोपर्यंत नोंदणीची पहिली मुदत विभागाच्या खात्यातून पैसे भरून निभावून नेली होती. खोली चौघींनी वाटून घेतली. मला स्वतःच्या खिशातून साधारण २१० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा हजार रुपयांच्या आसपास, खर्च आला. त्यात जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला कोट, बूट आणि तिथले जेवणखाण आले. नवा सूट घेऊ नका. कोट बसता असावा आणि बूट दिवसभर उभे राहता येतील असे असावेत, एवढे पुरते.

एफ-१ व्हिसावर असाल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी एक ईमेल पाठवून ठेवावा. देशांतर्गत प्रवासाला वेगळी परवानगी लागली नाही, पण पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेले प्रमाणपत्र) सोबत ठेवण्याची सूचना मिळाली. परिषदेच्या आधी एका सरकारी इमारतीत माहितीसत्र होते. तिथे प्रवेशासाठी परदेशी नागरिकांचा पासपोर्ट क्रमांक आणि जन्मस्थळ अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बरेच आधी कळवावे लागते. आमच्या गटात माझ्याखेरीज एक नायजेरियन मुलगाही होता. आम्ही दोघांनी ही माहिती डिसेंबरमध्येच देऊन ठेवली, म्हणून दारात खोळंबा झाला नाही. वर्ग बुडणार असल्याची पत्रेही सत्र सुरू होताच पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांना देऊन टाकावीत.

नेमून दिलेल्या देशाची भूमिका मांडणारे लेखी भूमिकापत्र जानेवारीच्या मध्यावर द्यायचे होते. माझ्या समितीचा विषय होता समुद्रतळावरून जाणाऱ्या केबल आणि वाहिन्या यांचे संरक्षण, आणि त्या हिवाळ्यात हा विषय बातम्यांमध्ये रोज नवा होत होता. नोव्हेंबरमध्ये बाल्टिक समुद्रात दोन दूरसंचार केबल तुटल्या. नाताळच्या दिवशी फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी एस्टलिंक-२ ही वीजवाहिनी निकामी झाली, आणि फिनलंडने ईगल एस हे तेलवाहू जहाज ताब्यात घेतले. १४ जानेवारीला हेलसिंकीत नाटोने बाल्टिक सेंट्री या नावाने गस्तीची मोहीम जाहीर केली. आमचे पत्र सादर करण्याच्या तोंडावर अर्धे पुन्हा लिहावे लागले. अमेरिकेची भूमिका करणाऱ्या विद्यापीठाची अवस्था याहून बिकट होती: १२ फेब्रुवारीला अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी ब्रुसेल्समध्ये युक्रेनच्या सदस्यत्वाविषयी जे सांगितले, त्यानंतर त्या विद्यार्थ्यांनी महिनाभर केलेली तयारी परिषदेच्या आठवड्यात बाजूला ठेवावी लागली.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आम्ही विद्यापीठाच्या गाडीने वॉशिंग्टनला पोचलो. पहिला दिवस दूतावासांचा असतो. प्रत्येक गट आपापल्या देशाच्या दूतावासात जातो आणि तिथला एखादा अधिकारी तासभर बोलतो. तयार प्रश्न लिहून न्या, आणि संकेतस्थळावर ज्याचे उत्तर मिळते ते विचारू नका. आम्ही विचारले की, संरक्षणखर्च देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांच्या खाली असताना पोर्तुगाल इतरांकडे मागणी तरी कशाच्या जोरावर करतो. त्या अधिकाऱ्याने भूगोलाकडे बोट दाखवले: अझोर्समधला लाजेसचा तळ, अटलांटिकचा मोठा पट्टा, आणि आफ्रिकेकडे पाहणारी दक्षिण बाजू. लहान देशाने मसुद्यातल्या प्रत्येक ओळीवर भांडू नये, दोन ओळी निवडाव्यात आणि त्या कोणत्या हे सुरुवातीलाच सगळ्यांना कळू द्यावे, असा सल्लाही त्यांनी दिला. मी गोव्याची आहे हे कळल्यावर त्यांनी लगेच विचारले की, घरात कोणी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे का. गोव्यातल्या वाचकांना या प्रश्नाचे आश्चर्य वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचे काम सुरू झाले. आसने इंग्रजी वर्णक्रमाने असल्यामुळे पोर्तुगालच्या एका बाजूला पोलंड आणि दुसऱ्या बाजूला रुमेनिया, म्हणजे रशियाच्या धोक्याविषयी सर्वांत ठाम बोलणारे दोन देश. पहिले दोन तास ठरावीक भाषणांत गेले आणि त्यांतून काही निघाले नाही. काम सुरू झाले ते मसुदा पडद्यावर आल्यावर. ज्या शब्दांवर मतभेद असतील ते चौकोनी कंसात टाकायचे, अशी पद्धत होती. दुपारपर्यंत पहिल्याच परिच्छेदात कंसाबाहेर फारसे काही उरले नव्हते. आमच्या दोन ओळी ठरलेल्या होत्या: केबलच्या संरक्षणात अटलांटिकचा उल्लेख हवा, आणि दक्षिणेकडच्या शेजाराचाही. एस्टोनियाच्या मुलीला वाटत होते की, सगळे समुद्र घातले की बाल्टिकचे पाणी पातळ होईल. तिची शंका रास्त होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी बसून वाक्याची दोन वाक्ये केली: पहिल्यात सर्व सदस्यांच्या समुद्रक्षेत्रांचे तत्त्व, अटलांटिकच्या नावासह, आणि दुसऱ्यात बाल्टिकमधली तातडीची गस्त. दक्षिणेची ओळ मी सोडून दिली. ती इटली आणि स्पेन दुसऱ्या समितीत लढवत होते, त्यामुळे ती सोडल्याचे दुःख मला फारसे झाले नाही.

गस्तीसाठी पोर्तुगाल काय देणार, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर मनाने द्यायचे नव्हते. आयोजकांनी एका खोलीत 'राजधानी' बसवलेली असते. तिथे लेखी प्रश्न पाठवायचा आणि सरकारचे उत्तर येईपर्यंत थांबायचे. तासाभराने चिठ्ठी आली: सागरी गस्तीचे विमान देता येईल, जहाज नाही. या थांबण्याचा कंटाळा करू नका. "माझ्या राजधानीकडून अजून सूचना नाही" हे वाक्य मला तिथे दोनदा उपयोगी पडले, आणि खरे राजदूतही ते वापरत असणार याविषयी मला शंका नाही.

खरा पेच शेवटच्या परिच्छेदात होता. लिथुएनिया आणि एस्टोनिया यांना रशियाचे नाव घालून नुकसानीची जबाबदारी निश्चित करायची होती. हंगेरीला ते चालणार नव्हते. संध्याकाळी अध्यक्षांनी मसुदा मौन प्रक्रियेत टाकला. प्रत्यक्ष नाटोतही ही पद्धत आहे: मसुदा सर्वांना पाठवायचा, मुदत द्यायची, आणि त्या मुदतीत कोणी लेखी हरकत घेतली नाही तर तो मंजूर धरायचा. आमची मुदत सकाळी आठ वाजेपर्यंत होती. बहुतेक जण सुटलो म्हणून जेवायला गेले. सात चाळीसला हंगेरीचे पत्र आले आणि मौन मोडले.

त्यानंतरचे दोन तास संपूर्ण परिषदेतले सर्वांत चांगले होते. कोणी तरी तळटीप सुचवली. त्याला पूर्वपीठिका होती: मॅसेडोनियाच्या नावावरून ग्रीसशी वाद होता त्या काळात नाटोच्या कागदपत्रांत त्या देशाचे तात्पुरते नाव येई आणि तुर्कस्तान त्याचे घटनात्मक नाव मान्य करतो, अशी तळटीप खाली छापली जाई. हंगेरीच्या मुलांनी नकार दिला, कारण तळटिपेमुळे अडवणारे म्हणून त्यांचेच नाव कागदावर राहिले असते. मग कॅनडाचा विद्यार्थी नाटोची सायबर हल्ल्यांविषयीची जुनी निवेदने घेऊन आला. हल्ल्याची जबाबदारी कोणावर टाकायची हे ठरवणे हा प्रत्येक राष्ट्राचा सार्वभौम अधिकार आहे, असे वाक्य त्यांत होते आणि ते सर्वांनी, हंगेरीनेही, पूर्वीच मान्य केलेले होते. तेच उचलले. एस्टोनियाला स्वतःच्या नावाने हवे ते म्हणण्याची मुभा राहिली, हंगेरीला रशियाचे नाव असलेल्या ओळीला होकार द्यावा लागला नाही, आणि लिथुएनियाने त्या बदल्यात गस्तीच्या वाक्यातले "विचार करू" काढून "ठरवले आहे" घालून घेतले. पुन्हा हरकत विचारली गेली, कोणी बोलले नाही, अध्यक्षांनी हातोडा आपटला. मसुदा दुपारी मुख्य परिषदेकडे गेला आणि तिथे फारशी चर्चा न होता अंतिम निवेदनात शिरला.

तेव्हा तयारीसाठी माझे सांगणे एवढेच की, भाषणांपेक्षा जुन्या शिखर परिषदांची निवेदने वाचण्यात वेळ घाला. ती नाटोच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आपल्या विषयावरची वाक्ये सालासह एका फाइलमध्ये उतरवून ठेवली, तर अडलेल्या क्षणी समोरच्या देशाने आधीच मान्य केलेला मजकूर हाताशी राहतो, आणि स्वतःच्याच सरकारने संमती दिलेल्या वाक्याला नाही म्हणणे कोणत्याही प्रतिनिधीला जड जाते. ही फाइल छापूनही न्या; सभागृहात इंटरनेट सगळ्यांना एकाच वेळी हवे असते.

परत आल्यावर खर्चाची भरपाई मिळायला मार्चची अखेर झाली. मूळ पावत्यांवर वस्तूंची यादी लागते, नुसती कार्डाची चिठ्ठी चालत नाही. आमच्यातल्या एकाचे जेवणाचे पैसे त्यामुळे गेले. महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून असा अनुभव घ्यायचा असेल, तर तुमच्या महाविद्यालयाच्या मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये निःशस्त्रीकरण परिषदेची समिती ठेवण्याची मागणी आयोजकांकडे करता येईल. तिचे ६५ सदस्य आहेत, भारत त्यांत आहे, आणि तिथे मतमोजणी करावी लागत नाही. १९९६ चा विषय ठेवला तर भारताची पाटी कोणाला मिळते यावरच आधी बराच वाद होईल.